रेषेखालचे आवाज

१

मी लोकांच्या डोक्यातलं रक्त ऐकतो. हे असं सांगितलं की समोरचा माणूस जरा मागे सरकून बसतो, म्हणून कुणी विचारलंच तर मी ‘हॉस्पिटलात मशीनवर असतो’ एवढंच सांगतो. मग तो त्याच्या गुडघ्याविषयी विचारतो आणि विषय तिथंच संपतो.

माझी खोली तळघरात, कॉरिडॉरच्या शेवटी आहे. एक कलती खुर्ची, एक मशीन, माझं स्टूल आणि छताजवळ एक लांबट खिडकी, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथं जेल लावून प्रोब टेकवला की आतल्या धमनीचा आवाज हेडफोनमध्ये येतो. हूश्श, हूश्श, हूश्श. पेशंटच्या डोक्याला एक चौकट बसवायची, तिचे दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे आणि तासभर ऐकत बसायचं. पेशंटनं बोलायचं नाही, दात चावायचे नाहीत, झोप लागली तर उत्तमच. मला मात्र झोपायची सोय नाही.

त्या तासाभरात एखादी बारीक गुठळी धमनीतून गेली तर टिच्च असा आवाज येतो, पाखरानं काचेवर चोच मारावी तसा. पडद्यावर मधल्या रेषेच्या वर ठिपका उमटतो. वर म्हणजे रक्ताच्या ओघाबरोबर, हृदयाकडून मेंदूकडे. मी पायाखालचं बटण दाबतो आणि नोंद होते. कधीकधी रेषेच्या खालीही काही उमटतं. खाली म्हणजे ओघाच्या उलट, आणि नदीत टाकलेली काडी काही उगमाकडे जात नाही. म्हणजे पेशंटनं जबडा हलवला, नाहीतर प्रोब सरकला. आम्ही त्याला कचरा म्हणतो. मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या टेक्निशियननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की रेषेखालचं पुसायचं, त्याच्यावर डोकं चालवायचं नाही. मी एकोणीस वर्षं इमानेइतबारे पुसत आलो.

हॉस्पिटलात मला कानवाले म्हणतात. शेजारच्या खोलीत हृदयाचा एको काढणारा बसतो, तो हृदयवाला. त्याचा एक ठरलेला विनोद आहे: त्याच्याकडे चार खोल्यांचं नांदतं घर आहे आणि माझ्याकडे नुसते पाइप. मीही दर वेळी हसतो. रोज तोंड पाहायचं तर एवढं करावंच लागतं.

आमच्या दोघांकडे एक खास जातीचा पेशंट येतो. त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला असतो. मेंदूच्या फोटोत सरळ दिसतं, की कुठूनतरी एक गुठळी वाहत आली आणि इथं अडकली. पण कुठून, ते काही केल्या सापडत नाही. हृदय ठीक, मानेतल्या शिरा साफ, रक्त चांगलं. छातीला तारा लावून आठवडाभर घरी पाठवलं तरी ठोका चुकलेला दिसत नाही. अशांच्या फाइलवर डॉक्टरीणबाई लिहितात, ‘उगम अज्ञात’. झटका खरा, गुठळी खरी, फक्त तिचं घर नाही. पहिला झटका सौम्य असतो. सगळे घाबरतात ते दुसऱ्याला.

२

ताई बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते. एकशे बारा गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ आहेत. समोर कॉम्प्युटर आहे, पण तो तिच्या मते नवशिक्यांसाठी. मार्चमधल्या एका सकाळी, दहा वाजून पाच मिनिटांनी, एका बाईनं गाडी विचारली आणि ताईच्या तोंडून जे आलं ते शब्द नव्हते. उजवा हात टेबलावरून घसरून मांडीवर पडला. ती बाई म्हणे तिच्यावर ओरडली, सरकारी खिडक्यांवर बसून झिंगतात म्हणून. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. ताईनं आधी त्या बाईला गाडीची वेळ सांगितली आणि मग मला फोन केला.

मी हे झटके रोज बघतो, पण ती दुसऱ्यांची माणसं असतात.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी सात महिन्यांचा होतो तेव्हा आई गेली. वडील आगबोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. मला दूध पाजलं, शाळेत घातलं, शी-शूपासून परीक्षेपर्यंत सगळं केलं ते ताईनं. तिनं लग्न केलं नाही, मीही नाही. आता एकाच इमारतीत ती पहिल्या मजल्यावर आणि मी तिसऱ्यावर राहतो. सत्तेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडलेल्या, नव्वद किलोच्या माणसाला ती अजून बारक्या म्हणते.

आईचा एकच फोटो आहे, आणि त्यात तिनं ऐन वेळी मान वळवली आहे. चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा आहे. लहानपणी मी ताईला खोदून खोदून विचारायचो, आई कशी होती. ताई म्हणायची, “आईसारखी आई होती. काय सांगायचं?” आणि उठून कामाला लागायची. ती कंजूष नव्हती. पण आई तिनं कुणाला उसनी दिली नाही, मलासुद्धा नाही. तिला आई मिळाली आणि मला ताई, अशी आमची वाटणी झाली होती. माझ्या वाट्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तरी एक खड्डा राहतोच. त्याच्या कडेकडेनं चालायची सवय होते, एवढंच.

ताईच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदयवाल्यानं स्वतः, विनोद न करता, पाऊण तास तिचं हृदय पाहिलं. मानेच्या शिरा झाल्या, रक्त झालं, आठवडाभर तारा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं काय लिहिलंय ते. मी त्यांना सांगितलं, की माझ्याकडे बसवतो, जितके तास लागतील तितके. त्या म्हणाल्या, “ऐका. पण कानवाले, काही सापडलं नाही तर ते मान्य करा.” मी हो म्हणालो. मी काही मान्य करणार नव्हतो. दुसरा झटका यायच्या आत त्या गुठळीचं घर शोधायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

३

पहिल्या दिवशी ताई डबा घेऊन आली, सहलीला आल्यासारखी. खुर्ची मागे-पुढे करून पाहिली, माझ्या स्टुलावरची धूळ रुमालानं पुसली आणि मला विचारलं, की इथं झाडू मारणारं कुणी आहे की नाही. मी तिला गप्प राहायला सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच मी तिला हे सांगत होतो आणि पहिल्यांदाच तिनं ते ऐकलं.

दिवा मंद केला. ताईचं रक्त कानात आलं. छान, सैल, मोकळा आवाज होता. दहा मिनिटं, वीस मिनिटं. रेषेच्या वर काही नाही. तिचा श्वास लांबला, तिला झोप लागली.

तेविसाव्या मिनिटाला रेषेखाली एक ठिपका आला. माझं बोट आपोआप गेलं आणि मी तो पुसला. जरा वेळानं दुसरा आला, तोही पुसला. तिसऱ्याला माझं बोट हवेतच थांबलं, कारण मी ताईकडे पाहत होतो आणि ताई हलली नव्हती. जबडा नाही, पापणी नाही, काहीच नाही. आणि तो आवाज कचऱ्याचा नव्हता. जबडा हलला की खर्रकन येतं, कान दुखतो. हा आवाज मऊ होता. शेजारच्या खोलीत कुणी अनवाणी पाऊल टाकावं तसा.

मी प्रोब तपासला, वायर तपासली, जेल पुन्हा लावलं. खिडकीबाहेर कुणाचे पाय आहेत का तेही पाहिलं. मशीन जुनं झालंय, असं स्वतःला बजावलं. ताई उठली ती ताजीतवानी. म्हणाली, कित्येक दिवसांत अशी झोप लागली नव्हती.

त्या संध्याकाळी शर्ट धुवायला घेतला, बादलीत हात घातला आणि मला एक हात आठवला. ओला, लाल पडलेला बाईचा हात, कपडा पिळताना. करंगळीशेजारच्या बोटात पातळ अंगठी, तिच्यात साबण अडकलेला. मी तो हात खालून पाहत होतो, माझी हनुवटी बादलीच्या काठाइतकी उंच असल्यासारखा. हात थांबला, माझ्या नाकाला फेसाचा ठिपका लागला आणि वर कुठंतरी कुणी नाकातून हसलं.

मी ओल्या हातांनी तसाच उभा राहिलो. आठवण आणि कल्पना यांतला फरक माणसाला कळतो. कल्पना आपण ओढून आणतो. ही आधीच आत येऊन बसली होती.

४

पुढच्या आठवड्यात पुन्हा ऐकलं. या वेळी नऊ आले, सगळे रेषेखाली, आणि मी एकही पुसला नाही. त्या आठवड्यात मला एक वेणी मिळाली, पाठीवर डावीकडे कललेली. मिटल्या ओठांनी गुणगुणलेलं एक गाणं मिळालं, तिसऱ्या ओळीला अडखळणारं. तापात कपाळावर ठेवलेला एक तळवा मिळाला. ‘मिळालं’ हा शब्द मी तेव्हाच वापरायला लागलो होतो, हे आता लक्षात येतं.

मी स्वतःला समजावलं. ताईनं लहानपणी झोपेत, तापात कधी काही सांगितलं असेल, ते डोक्यात कुठंतरी पडून असेल. भीतीनं माणसाचं मन काय वाटेल ते उकरून काढतं. हे पटण्यासारखं होतं आणि मला ते जवळजवळ पटलंही.

रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो. तिच्या कपाटाच्या वरच्या खणात एक डबी आहे. तिच्यात आईची अंगठी असते, हे मला जन्मापासून ठाऊक. वर्षातून एकदा ताई ती काढायची, पुसायची, मला हात लावू द्यायची नाही आणि परत ठेवायची. मी सहज विचारल्यासारखं केलं, की ती अंगठी जरा दाखव ना.

ताईनं डबी काढली, उघडली आणि अंगठी बोटांत फिरवून पाहिली.

“ही होय? कुणाची आहे रे ही?” तिनं विचारलं. “तुला हवी तर घेऊन जा. मला बोटात होत नाही.”

मी घास गिळला. तिला गाड्या विचारल्या. एकशे बाराच्या एकशे बारा वेळा तिनं अचूक सांगितल्या. मला कांजिण्या कधी आल्या, वडील कोणत्या वर्षी गेले, आमच्या जुन्या घराला किती पायऱ्या होत्या, सगळं बिनचूक. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांपूर्वीच तिची स्मरणशक्ती तपासली होती आणि तीसपैकी तीस दिले होते. त्या तपासणीत घड्याळ काढायला सांगतात, शंभरातून सात वजा करत जायला सांगतात. तुमची आई कशी हसायची, असं कुणी विचारत नाही.

अंगठी मी घेतली नाही. पण पायऱ्या चढताना ती बोटात कशी दिसायची ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही होत होता.

५

मशीनमध्ये पुसलेलं सगळं एका वेगळ्या यादीत राहतं. ती यादी कुणी उघडत नाही. मी दोन दिवस दुपारचं जेवण सोडून ती उघडून बसलो.

ज्यांच्या झटक्याचं कारण सापडलं होतं त्यांच्या तासाभरात पुसलेलं फारसं नव्हतं, आणि जे होतं ते खरोखर कचरा होतं, खर्र खर्र. ‘उगम अज्ञात’वाल्यांच्या फाइली लावल्या. पहिलीतच ते आले. मऊ, एकामागून एक, रेषेखाली. दुसरीत आले. अकरा फाइली लावल्या, अकरांतही ते होते. कुणाची पावलं जड होती, कुणाची भरभर, एकाची जरा लंगडी. सगळी आतून बाहेर निघालेली, आणि सगळी माझ्याच हातांनी पुसलेली.

आम्ही सगळे गुठळी कुठून आली ते शोधत होतो. त्या वाटेनं काही परतही जातं का, हे कुणी कशाला पाहील?

मग मी दुसरी एक गोष्ट केली, ती करायला नको होती. स्टुलावर बसून माझ्याच आठवणी तपासल्या. मला पोहता येत नाही, मी कधी पाण्यात उतरलेलो नाही. पण हिरव्या पाण्याखालून वर पाहिल्याचं आणि वर सूर्य डुचमळताना पाहिल्याचं मला आठवतं. ते स्वप्न असावं असं मी धरून चाललो होतो. निळ्या फाटकाचं एक घर आठवतं, त्याची कडी वर उचलून मगच सरकवावी लागते. आम्ही तशा घरात कधी राहिलो नाही. एक तान्ही मुलगी आठवते, तिची मूठ माझ्या अंगठ्याभोवती आवळलेली. मला मूलबाळ नाही. ही मूठ माझ्याकडे नऊ-दहा वर्षं आहे आणि कित्येकदा तिनंच मला झोपवलंय. कुठल्यातरी बापाकडे ती नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणखी एक होतं. ज्यांना दुसरा झटका आला त्यांची नावं मी वेगळी काढली. सगळ्यांना मी तीन-तीन, चार-चार तास ऐकलं होतं. अर्थात ज्यांची जास्त काळजी त्यांनाच जास्त वेळा बोलावतात, त्यात नवल ते काय? हिशेबाला हे बरोबरच होतं. तरी मी मशीन बंद केलं आणि हृदयवाल्याच्या खोलीत जाऊन उगाच बसलो. त्यानं चार खोल्यांचा विनोद केला आणि मला रडू आलं. तो बिचारा घाबरून पाणी आणायला गेला.

६

ठरवलं, की आता बास. ताईला ऐकायचं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की काही सापडलं नाही आणि मी ते मान्य केलंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ताईच्या गोळ्या सुरू होत्या, रक्तदाब चांगला होता, ती डेपोत परत जायला लागली होती. तीन आठवडे काही झालं नाही.

तीन आठवडे माझ्याकडे आईचे हात होते, वेणी होती, गाणं होतं, चालताना डाव्या चपलेचा होणारा आवाज होता. ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, वाकायची, दिवा पुसायची. पण दर वेळी पाठमोरी. मी डोळे मिटून बसायचो आणि ती वळायची वाट पाहायचो. वळत आली, खांदा फिरला, गालाची कड दिसली की सगळं संपायचं. मला पुढचं मिळालंच नव्हतं. ते अजून ताईकडे होतं.

ज्यानं कधी चवच घेतली नाही तो उपाशीही सुखात असतो. मला आता चव कळली होती. कामावर लक्ष लागेना, दाढी करताना गाल कापला. लिफ्ट पहिल्या मजल्यावरून जाताना ताईच्या दाराकडे मी कसा बघायचो हे कुणी पाहिलं असतं, तर मला घरात घेतलं नसतं.

चौथ्या सोमवारी मी तिला फोन केला. शेवटचं एकदा तपासून टाकू, म्हणजे मनाला घोर राहणार नाही, असं म्हणालो. ते वाक्य मी आदल्या दिवशी तयार करून ठेवलं होतं.

ती लगेच आली. चौकट बसवताना मी तिच्या कानशिलावरचे पांढरे केस बाजूला केले. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला वाटलं, आता ही काहीतरी विचारणार.

“बारक्या, तुला सांगू?” ती म्हणाली. “या खुर्चीत मला फार बरं वाटतं. प्रवासात कुणीतरी आपल्या हातातलं सामान घेतं ना, तसं. कुणी घेतलं ते बघायलाही आपण वळत नाही.”

“ताई, नको वाटत असेल तर राहू दे.” मी हे म्हणालो खरा. पण माझा हात स्क्रू आवळत होता.

“नको कशाला?” ती म्हणाली. “तूच आहेस ना इथं.” आणि तिनं डोळे मिटले.

७

अकरा वाजून दोन मिनिटांनी सुरुवात केली. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीतून पाय ये-जा करत होते, एक छत्री टेकत गेली, एक लहान मूल थांबून चपलेचा बंद लावून गेलं. ताईचं रक्त शांत वाहत होतं. अर्धा तास काही नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी कुणी आपलं हक्काचं अडवून ठेवल्यासारखा रागही आला.

मग ती पावलं आली. आता सुटी सुटी नव्हती. कुणी जिना उतरावा तशी एका लयीत, एकामागून एक, आणि डावं पाऊल जरासं घासत. ते घासणं मी ओळखलं. पडद्यावर रेषेखाली ठिपक्यांची माळ उमटत होती. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी ती अगदी माझ्या कानाजवळ येऊन थांबली. मशीनमध्ये ‘जवळ’ असं काही नसतं, मला माहीत आहे. मी डोळे मिटले.

ती खिडकीशी उभी होती, पाठमोरी. कडेवर तान्हं मूल, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर. उन्हात तिच्या मानेवरचे बारीक केस दिसत होते. कुणीतरी तिला हाक मारली. तो आवाज माझ्या गळ्यातून गेला, अकरा वर्षांच्या मुलीचा आवाज. ती वळली.

मला तिचा चेहरा दिसला.

ती हसत वळली होती. हाक कुणाची ते ठाऊक असलेल्या माणसाचं हसू. मग तिची नजर माझ्या नजरेला मिळाली आणि ते हसू अर्ध्यावर थांबलं. मुलगी दार उघडेल म्हणून आपण हसत उभं राहावं आणि दारात परकाच पुरुष दिसावा, तसं. तिनं कडेवरचं मूल दुसऱ्या बाजूला घेतलं, माझ्यापासून लांब. ते मूल मी होतो.

मी डोळे उघडले नाहीत. ते हसू पुन्हा येईल असं मला वाटत होतं. मी मनाशी पुनःपुन्हा तिला हाक मारत राहिलो, ताईसारखी, आणि ती पुनःपुन्हा वळत राहिली आणि दर वेळी तिथंच थांबली. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज बारीक झाला होता, मग नुसती सूं अशी फुंकर उरली. धमनी बंद झाली की हा आवाज येतो. झोपेतसुद्धा मी तो ओळखेन. तो मी ओळखला होता. मशीनवर वेळ आहे: फुंकर अकरा बेचाळीसला सुरू झाली. धोक्याची घंटा मी अकरा एकोणपन्नासला वाजवली.

त्या सात मिनिटांबद्दल मला कुणी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई धावत आल्या, माणसं आली, चाकांची खाट आली. सगळे म्हणाले, कानवाल्यांच्या खुर्चीतच झालं म्हणून वाचली, दुसरीकडे असती तर वेळेवर कळलंही नसतं. हृदयवाल्यानं मला मिठी मारली. ताईचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून खाली लोंबत होता, तो मी उचलून तिच्या पोटावर ठेवला.

८

आता पाच महिने झाले. मी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली, तिथं फक्त कागद असतात. ताई घरी आहे. उजवा हात उचलत नाही, पाय ओढते, पण वाचा परत आली. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. आता पुन्हा मला झाडू कसा मारावा ते शिकवते. डेपोतली माणसं भेटायला येतात आणि तिला मुद्दाम गाड्या विचारतात. अजून एकही चुकत नाही. मी कोण, माझ्या कांजिण्या कधीच्या, मला काय आवडत नाही, तिला सगळं ठाऊक आहे. रात्री मला खोकला आला तर दोन मजले खालून फोन करते.

रोज दुपारी मी तिच्याजवळ बसतो आणि आई कशी होती ते सांगतो. घेतलंय ते परत द्यायचा मला दुसरा रस्ता माहीत नाही. हात सांगतो, साबण अडकलेली अंगठी सांगतो, कललेली वेणी सांगतो. गाणं गुणगुणून दाखवतो आणि तिसऱ्या ओळीला अडखळतो. डाव्या भुवईत एक बारीक खूण होती आणि हसताना तो डोळा आधी मिटायचा, हेही सांगितलं. ती वळली आणि पुढे काय झालं, तेवढं मात्र सांगत नाही.

ताई मन लावून ऐकते. मध्येमध्ये विचारते, मग पुढे? काल मी सगळं सांगून थांबलो. तिनं डाव्या हातानं माझा हात हळूच थोपटला, लहानपणी थोपटायची तसा, मला बरं वाटावं म्हणून.

“चांगली होती रे तुझी आई,” ती म्हणाली. “मला भेटायला हवी होती.”